घरी बसून विड्या वळणारी बाई ‘कामगार’ कशी ठरते?

सोलापूर, संगमनेर, अहिल्यानगर, सिन्नर, कामठी, भंडारा-गोंदिया आणि सीमेपलीकडचं निपाणी. या सगळ्या भागांत विडीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि विड्या वळण्याचं काम मुख्यतः बायका आपापल्या घरी करतात. कारखान्याच्या शाखेत पान-तंबाखू मिळतं, तयार विड्या जमा होतात, तपासल्या जातात. भट्टीवर शेकणं आणि लेबल लावणं तिकडे होतं. मधलं सगळं काम होतं ते घराच्या ओट्यावर किंवा स्वयंपाकाच्या खोलीत, मांडीवर सूप घेऊन.

घरून काम करणाऱ्या कामगारांचे हक्क समजून घ्यायचे तर विडीइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही. घरात काम करणाऱ्या बाईला मालक असतो, हे भारतातल्या कायद्याने सर्वांत स्पष्टपणे मान्य केलं ते या धंद्यात. ते कसं झालं, त्यातून काय मिळालं, आता त्यातलं काय धोक्यात आहे आणि गाऊन शिवणाऱ्या, इमिटेशन दागिने जोडणाऱ्या किंवा कपड्यांचे धागे कापणाऱ्या बाईला यातून काय घेता येईल, ते नीट बघू.

हजार विड्यांचा हिशेब

विडीची मजुरी तासावर किंवा दिवसावर मिळत नाही, ती हजारावर मिळते. सकाळी शाखेत जाऊन बाई आदल्या दिवशीच्या विड्या जमा करते आणि दुसऱ्या दिवसाचा माल घेते. तेंदूची पानं वजनावर मिळतात, तंबाखू वजनावर आणि दोरा वेगळा. एका विडीत साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू भरतात, म्हणजे हजाराला दोनशे ग्रॅमच्या आसपास.

पानं आधी भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी लागतात. कोरडं पान वळताना फाटतं आणि फार ओलं राहिलं तर विडीला बुरशी धरते. मऊ झालेल्या पानावर पत्र्याचं माप ठेवून कातरीने चौकोनी तुकडा कापायचा, जाड शिरा काढायच्या, त्यावर तंबाखू पसरून वळायचं, एका बाजूचं तोंड दुमडून बंद करायचं आणि दुसऱ्या बाजूला दोरा बांधायचा. मग २५ विड्यांचा जुडगा. हात बसलेली बाई पूर्ण दिवस बसली तर आठशे ते हजार विड्या वळते. पण या ‘दिवसात’ पानं कापायला बसलेली मुलगी आणि जुडगे बांधणारी सासू यांचेही तास असतात. ते कुणाच्याच वहीत येत नाहीत.

पहिली गळती होते ती पानांत. शाखा हजार विड्यांसाठी ठरावीक वजनाची पानं देते. पण पान भोकाचं, किडकं, लहान किंवा जाड शिरांचं निघालं तर त्या वजनात हजार तुकडे बसत नाहीत. समजा, दिलेल्या पानांत ८५० विड्याच निघाल्या. उरलेल्या १५० विड्यांची पानं बाईने बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायची, नाहीतर तेवढी मजुरी कापून घ्यायची. दोन्हीकडून पैसा तिच्याच पदरचा जातो. म्हणून माल घेताना दोन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्याव्यात. एक, वजन कोरड्या पानांचं झालं पाहिजे, कारण पाणी मारलेलं पान जड भरतं. दोन, खराब पानांचं वजन वेगळं काढून ते तिथल्या तिथे बदलून मागायचं. घरी नेल्यावर केलेल्या तक्रारीला शाखेत कुणी दाद देत नाही.

दुसरी गळती म्हणजे छाट. जमा केलेल्या विड्यांतून तपासनीस काही विड्या ‘खराब’ म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही आणि बहुतेक ठिकाणी त्या विड्या बाईला परतही मिळत नाहीत. खरोखर खराब विडी असेल तर ती तिच्यासमोर मोडून टाकली पाहिजे. ती न मोडता शाखेत ठेवून घेतली तर पुढे विकली जाते आणि मालकाला तो माल फुकट पडतो.

यावर नियम आहे आणि तो प्रत्येक वळणाऱ्या बाईला पाठ असावा (नव्या संहितांनंतर तो कसा लावायचा, ते पुढे येईल). १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांनुसार मालकाने किंवा ठेकेदाराने साधारणपणे शंभरात पाचपेक्षा जास्त विड्या छाट म्हणून काढता कामा नयेत. बाईने मुद्दाम हलगर्जीपणा केलेला नसेल तर छाट काढलेल्या विड्यांनाही निम्मा दर द्यावा लागतो. विडी कारखानदारांनी या कायद्याला आणि नियमांना सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं होतं. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात कोर्टाने ते वैध ठरवले.

मालक कोण, हा प्रश्न सुटायला २७ वर्षं लागली

कामगाराचे सगळे हक्क, म्हणजे किमान वेतन, पीएफ, पेन्शन, रजा, बाळंतपणाची रजा, एका गोष्टीवर अवलंबून असतात: ती व्यक्ती कुणाची तरी नोकरी करते आहे, हे सिद्ध होणं. घरी काम करणाऱ्या बाईबाबत मालकाचं उत्तर ठरलेलं असतं. ‘ती तिच्या घरी, तिच्या वेळेला, तिच्या मर्जीने काम करते. मी तिच्यावर देखरेख ठेवत नाही. मग मी मालक कसा?’

१९५८ मध्ये चिंतामण राव यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे उत्तर मान्य केलं. मध्य प्रदेशातला सट्टेदार, म्हणजे कारखान्याकडून पान-तंबाखू घेऊन विड्या वळून देणारा मधला माणूस, हा स्वतंत्र ठेकेदार आहे आणि त्याची माणसं कारखान्याचे कामगार नाहीत, असा निकाल लागला. त्यानंतर काही वर्षांतच नागपूरच्या बिरधीचंद शर्मा यांच्या विडी कारखान्याचा खटला आला. तिथले कामगार कारखान्यातच बसत, पण हवं तेव्हा येत, हवं तेव्हा जात आणि मजुरी नगावर घेत. यावेळी कोर्ट म्हणालं की यायची-जायची मोकळीक असली तरी हे कामगारच आहेत. मालाचा दर्जा मालक ठरवतो आणि दर्जात न बसलेली विडी नाकारण्याचा अधिकारही त्याचाच आहे, हीच देखरेख.

हा मुद्दा पुढे फार कामाला आला. ज्या छाटीने बाईची मजुरी जाते, तीच छाट मालक-कामगार नात्याचा पुरावा ठरली.

यानंतर कारखानदारांनी वाट बदलली. कागदावर ठेकेदाराला पान-तंबाखू ‘विकायचं’ आणि तयार विड्या त्याच्याकडून ‘विकत घ्यायच्या’. म्हणजे हा व्यापार झाला, नोकरी नाही. १९६४ मध्ये मद्रासच्या दिवाण मोहिदीन साहेब यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने या कराराचा बुरखा काढला. माल विकल्याचं दाखवलं असलं तरी तो दुसरीकडे विकायची मुभा नव्हती, किंमत कारखान्यानेच ठरवली होती आणि मधला माणूस प्रत्यक्षात शाखा सांभाळणारा होता. कोर्टाने ते करार ढोंगी ठरवले.

१९६६ च्या कायद्याने हा वाद मुळापासून मिटवण्याचा प्रयत्न केला. त्यात कामगाराच्या व्याख्येतच लिहिलं होतं की मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या कच्च्या मालातून घरी विड्या वळणारी व्यक्ती ही कामगार आहे. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, बाळंतपणाच्या कायद्याचं संरक्षण, सहा महिने काम केलेल्या कामगाराला कारणाशिवाय आणि महिन्याच्या नोटिशीशिवाय काढायला बंदी, हे सगळं त्यातून आलं.

पीएफचा कायदा विडी उद्योगाला १९७७ पासून लागू झाला. घरी वळणारी बाई त्यात येत नाही, असं म्हणत कारखानदार पुन्हा कोर्टात गेले. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घरखातेदार, म्हणजे माल घरी नेऊन वळणारे, कामगारही पीएफला पात्र आहेत. आधार तोच होता: विडी नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, नियंत्रण त्याचंच आहे. १९५८ ते १९८५ या काळात एवढं अंतर कापलं गेलं. विडी कामगारांच्या संघटना रस्त्यावर आणि कोर्टात अशा दोन्हीकडे उभ्या राहिल्या म्हणूनच ते शक्य झालं.

पीएफ: पासबुकात काय बघायचं

विडी उद्योगात पीएफची वर्गणी १२ टक्के नसून १० टक्के आहे. बाईच्या मजुरीतून १० टक्के कापायचे आणि मालकाने तेवढेच घालायचे. मालकाच्या १० टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात आणि उरलेले १.६७ टक्के पीएफ खात्यात.

आकड्यांत पाहू. हिशेब समजण्यापुरता दर हजाराला २५० रुपये धरू. तुमच्या भागातला खरा दर कामगार कार्यालयातून घ्या, कारण त्यात मूळ दरासोबत विशेष भत्ता असतो आणि महाराष्ट्रात तो दर सहा महिन्यांनी बदलतो. महिन्यात २०,००० विड्या वळल्या तर मजुरी ५,००० रुपये. बाईच्या हातातून ५०० रुपये कापले जातील. पासबुकात त्या महिन्यासमोर तीन रकाने दिसले पाहिजेत: कामगाराचा हिस्सा ५००, मालकाचा हिस्सा साधारण ८३ आणि पेन्शन ४१७. ५०० रुपये कापले गेले पण पासबुकात ३०० दिसले, तर शाखेने मजुरी कमी दाखवली आहे. कापले गेले आणि काहीच दिसलं नाही, तर पैसे भरलेच नाहीत.

विडीत सर्रास चालणारी गोष्ट अशी: घरात दोन-तीन बायका वळतात, पण शाखेच्या रजिस्टरवर नाव एकीचंच असतं. सगळ्यांच्या विड्या तिच्या कार्डावर जमा होतात. घरच्यांना ते सोयीचं वाटतं. नुकसान मात्र पंचवीस वर्षांनी कळतं, जेव्हा सुनेच्या नावावर एकही वर्ष नसतं. याच्या उलट प्रकारही होतो: एकीचं काम दोन नावांवर विभागायचं, म्हणजे प्रत्येकीची मजुरी आणि कामाचे दिवस कमी दिसतात. वळणारी प्रत्येक बाई स्वतःच्या नावाने, स्वतःच्या यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाने, रजिस्टरवर हवी. यावर तडजोड करू नका.

पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून साडेनऊ वर्षांनाही पेन्शन मिळते. नऊ वर्षं पाच महिन्यांना मिळत नाही, तिथे फक्त पैसे काढता येतात. पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनसाठी धरलेला सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सरासरी ६,००० रुपये आणि १५ वर्षं सेवा असेल तर महिना १,२८६ रुपये. तोच पगार कागदावर ३,००० दाखवला असेल तर हिशेब ६४३ वर येतो आणि किमान मर्यादेमुळे १,००० मिळतात. आयुष्यभर विड्या वळून एवढंच, हे चीड आणणारं आहे आणि कामगार संघटना किमान पेन्शन वाढवण्याची मागणी वर्षानुवर्षं करत आहेत. तरीही शाखेने जी मजुरी दडवली, तिचा फटका आधी ओळखला पाहिजे.

अडचणी बहुतेक नावांच्या आणि तारखांच्या असतात. सोलापुरात अनेक बायका तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या आहेत. माहेरचं नाव, सासरचं नाव, तेलुगू उच्चाराचं मराठी आणि इंग्रजी लेखन यांत एका अक्षराचा फरक पडला तरी आधार आणि यूएएन जुळत नाही आणि दावा परत येतो. ही दुरुस्ती ५८ व्या वर्षी करायला गेलात तर तोपर्यंत शाखा बंद पडलेली असू शकते. आज शाखा चालू असताना, मालकाची सही मिळत असताना, ती करून घ्या.

दुसरी अडचण बोटांची. पान-तंबाखूत वर्षानुवर्षं घासून बोटांचे ठसे पुसट होतात आणि यंत्र ते ओळखत नाही. तिथे हट्टाने अंगठा लावत बसू नका. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर बरीच कामं ओटीपीवर होतात आणि पेन्शनरच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय आहे. म्हणून मोबाइल नंबर बाईचा स्वतःचा हवा. मुलाचा किंवा शाखेतल्या कारकुनाचा नको.

ओळखपत्र आणि कल्याण निधी

१९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून विडी कामगार कल्याण निधी उभा केला. त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीला मदत मिळत आली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा उपकर रद्द झाला. योजना चालू राहिल्या, पण त्यांना आता उपकराचा बांधलेला पैसा नाही, सरकारी तरतुदीतून तो यावा लागतो. धंद्यातून निघणारा पैसा त्या धंद्यातल्या कामगारांवरच खर्च होण्याची हमी गेली, हे आमच्या मते फार मोठं नुकसान आहे आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

या योजनांची किल्ली म्हणजे केंद्राच्या श्रम कल्याण संघटनेचं विडी कामगार ओळखपत्र. पीएफचं कार्ड वेगळं आणि हे वेगळं. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात आणि तो बाद होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ओळखपत्रावरचं आईचं नाव, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव आणि बँक खात्यातलं नाव न जुळणं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

संघटित ताकद काय करू शकते हे सोलापूरजवळच्या कुंभारीत दिसतं. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सिटू या कामगार संघटनेशी जोडलेल्या विडी कामगार बायकांनी तिथे गोदुताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. पुढे रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. यात विडीसोबत यंत्रमाग कामगार, फेरीवाले आणि कचरा वेचणारेही आहेत. घरी काम करणाऱ्या बाईसाठी घर म्हणजे कामाची जागासुद्धा. उजेड नसलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत तंबाखूची धूळ आणि चुलीवरचं अन्न एकाच हवेत असतं. माल ठेवायला वेगळा कोपरा, खिडकीशी बैठक, जेवण्यापूर्वी आणि बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुणं एवढं तरी पाळावंच, कारण निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं.

नव्या संहितांनी काय बदललं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९६६ चा विडी कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा आणि १९५२ चा पीएफ कायदा त्यांत विलीन झाले. जुन्या नियमांतला जो भाग नव्या संहितांशी विसंगत नाही तो संक्रमणाच्या काळात चालू ठेवला आहे. त्यामुळे छाटीसारख्या मुद्द्यावर आज नेमका कोणता नियम लावायचा, हे कामगार कार्यालयात लेखी विचारा.

काळजीचं कारण व्याख्येत आहे. १९४८ च्या कायद्यात दुसऱ्याने दिलेला माल घरी नेऊन तयार करून देणारा माणूसही कामगार धरला होता. १९६६ च्या कायद्यातही ते स्पष्ट होतं. नव्या वेतन संहितेतल्या व्याख्येत हे शब्द नाहीत. विडीसाठीचा वेगळा भाग व्यवसाय सुरक्षेच्या संहितेत आहे, पण तो मुख्यतः कारखान्याचा परवाना आणि घरी पानं भिजवण्या-कापण्याची परवानगी याबद्दल आहे. दुसरीकडे सामाजिक सुरक्षा संहितेत ‘घरून काम करणारा कामगार’ अशी वेगळी व्याख्या आहे: मालकासाठी, मोबदल्यावर, स्वतःच्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी वस्तू किंवा सेवा तयार करणारी व्यक्ती, मग साहित्य मालकाने दिलेलं असो वा नसो. ऐकायला चांगलं आहे. पण तिथे ही व्यक्ती असंघटित कामगारांत मोजली आहे, म्हणजे तिच्यासाठी सरकारने योजना करायच्या. मालकाने पीएफ भरण्याचं बंधन हा वेगळा मामला आहे.

उद्या एखादा कारखानदार म्हणू शकतो की आमच्या बायका असंघटित आहेत, त्यांनी ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर, नाव घालावं, पीएफ आमच्याकडे मागू नये. याला उत्तर म्हणून नियंत्रणाबद्दलचे कोर्टाचे जुने निकाल आणि हातातले कागद दोन्ही लागणार आहेत. ज्या बाईचा पीएफ आज चालू आहे, तिने कुणाच्या सांगण्यावरून तो बंद करून ई-श्रमकडे जाऊ नये. ईपीएफओ (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) किंवा ईएसआयसीच्या (कामगार विमा महामंडळाच्या) सदस्याला ई-श्रमवर नोंदणी मुळात नाहीच.

नव्या वेतन संहितेत कामाच्या गोष्टीही आहेत. वेतन चिठ्ठी देणं मालकाला बंधनकारक आहे. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. माल खराब केला म्हणून पैसे कापायचे तर आधी कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. पीएफच्या थकबाकीची चौकशी पाच वर्षांनंतर सुरू करता येत नाही. ‘बघू पुढे’ म्हणत राहिलं तर जुनी वर्षं बुडतात.

विडीबाहेरच्या बायका

धारावीतली धागे कापणारी, मालाडची इमिटेशन दागिने जोडणारी, सोलापूरची टॉवेलला गोंडे बांधणारी. यांच्यामागे १९६६ सारखा कायदा कधीच नव्हता. यांनी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: मी माझा धंदा करते की दुसऱ्याचं काम? स्वतः कच्चा माल घेऊन, स्वतः भाव ठरवून, कुणालाही विकत असाल तर तुम्ही स्वयंरोजगारी आहात. तुम्हाला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, आणि कर्ज हवं. पण माल दुसरा देतो, नमुना तो ठरवतो, भाव तो सांगतो, खराब माल तो परत करतो आणि तयार माल त्यालाच द्यायचा असतो, तर तुम्ही कामगार आहात. मशीन तुमचं स्वतःचं असलं म्हणून हे बदलत नाही.

मग मजुरीचा खरा भाव काढायचा. समजा, नगाला दोन रुपयांप्रमाणे शंभर नग सात तासांत झाले. हातात २०० आले. त्यातून सुई, दोरा आणि विजेचे १५, माल आणण्या-नेण्याच्या रिक्षाचे २० वजा केले की १६५ उरतात. माल घ्यायला गेलेला एक तास धरला तर आठ तासांचे १६५. हा आकडा त्या धंद्याच्या किमान वेतनाशेजारी ठेवा. फक्त वेळेचा किमान दर ठरलेला असेल आणि नगाचा नसेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही.

पुरावा रोज जमवावा लागतो. स्वतःची वही ठेवा: तारीख, काय माल घेतला, किती, किती परत केला, किती नाकारला, किती पैसे मिळाले. मालासोबतच्या चिठ्ठीचा, गोणीवरच्या लेबलचा आणि कपड्यावरच्या ब्रँडच्या पट्टीचा फोटो काढा, कारण मधला दलाल उद्या नाही म्हणाला तरी लेबल माल कुणाचा ते सांगतं. पैसे शक्य तितके यूपीआयवर घ्या. व्हॉट्सॲपवर भाव आणि तारखा ठरत असतील तर ते संदेश पुसू नका. तक्रार एकटीने करू नका. एकीने तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी तिचा माल बंद होतो. दहा जणींनी एका कागदावर सह्या करून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे किंवा सहायक कामगार आयुक्तांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पीएफची तक्रार वेगळी, ती ईपीएफओकडे.

ज्यांना पीएफ नाही त्यांनी ई-श्रम नोंदणी जरूर करावी. वय १६ ते ५९ हवं, नोंदणी मोफत आहे आणि तिथे धंदा म्हणून ‘गृहिणी’ न लिहिता खरं काम लिहावं. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी जे केलं, म्हणजे मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराला पीएफ-ग्रॅच्युइटीसह द्यायची, तसं मंडळ घरून काम करणाऱ्या बायकांना हवं आहे, असं आमचं ठाम मत आहे. माथाडीलाही एकच कायमचा मालक नसतो, तरी ती व्यवस्था उभी राहिली. भारताने १९९६ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या गृहकाम कराराला, म्हणजे करार क्रमांक १७७ ला, अजून मान्यता दिलेली नाही.

शेवटचं, जे घराघरांत राहून जातं. वळणारी बाई वारली की पीएफचे पैसे काढतात आणि फाइल मिटते. पण सेवेत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफशिवाय विम्याची रक्कमही वारसांना मिळते आणि पेन्शन नवऱ्याला व पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना मिळते. पुरुषाला बायकोच्या नोकरीची पेन्शन मिळते, हे माहीत नसल्याने कितीतरी जण अर्जच करत नाहीत. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १० डी आणि विम्यासाठी ५ आयएफ, असे तिन्ही दावे करायचे असतात. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचे आधार आणि बँक खातं लागतं. बाईने आधीच ऑनलाइन वारस नोंद करून ठेवली असेल तर वारसाचं नातं सिद्ध करण्याचे हेलपाटे बरेच वाचतात. ही नोंद यूएएनच्या पोर्टलवर होते, फुकट होते, आणि लग्न झाल्यावर ती नव्याने करावी लागते, कारण लग्नाआधी आईवडिलांच्या नावाने केलेली नोंद लग्नानंतर रद्द ठरते.